शिंपल्यातले मूल, शिंप्याचे मूल

नरसी बामणी हे गाव १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात होते. त्या वर्षी १ मे रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाणारे नरसी परभणीकरांकडून गेले. जनाबाईंचे गंगाखेड तेवढे राहिले. नामदेव पंढरपुरातच जन्मले असे मानणारे अभ्यासकही आहेत. पण गावाच्या या वादापेक्षा अवघड प्रश्न आहे तो जन्म झाला कसा, हा.

महिपतीबुवा ताहराबादकरांनी १७६२ साली ‘भक्तविजय’ पुरा केला. त्यात दामाशेटी आणि गोणाई हे निपुत्रिक जोडपे. दामाशेटी भीमेवर स्नानाला जातात, पाण्यावर शिंपला तरंगत येतो आणि त्यात बाळ. कीर्तनांतून पिढ्यान् पिढ्या आपण हेच ऐकले. उत्तरेत मात्र निराळी कथा रुजली. प्रियादासांनी १७१२ च्या सुमारास ‘भक्तमाला’वर टीका लिहिली, तीत नामदेव हे वामदेव नावाच्या भक्ताच्या विधवा मुलीचे पुत्र, देवाच्या कृपेने तिला दिवस गेले आणि लोक कुजबुजू लागले.

ही कुजबुज ख्रिस्ती वाचकाला ओळखीची वाटेल. पौलाची पत्रे आणि मार्कचे शुभवर्तमान येशूच्या अलौकिक जन्माविषयी काहीच सांगत नाहीत. मत्तय आणि लूक सांगतात, आणि मत्तयाच्या कथेत तर मरियेला गुपचूप सोडून द्यावे असे योसेफाच्या मनात येते. दुसऱ्या शतकात सेल्सस या टीकाकाराने येशूचा बाप एक रोमी शिपाई होता असे लिहिले. पुढच्या शतकात ओरिजेनने त्याला सविस्तर उत्तर दिले. गोव्यात फादर स्टीफन्सनी १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ छापले तेव्हा मरियेची कथा मराठी ओवीतच सांगितली, म्हणजे महिपतीबुवांच्याच छंदात, त्यांच्या कितीतरी आधी.

आता खुद्द नामदेवांकडे वळू. त्यांच्या नावावरच्या आत्मचरित्रपर अभंगांत जन्म शके ११९२, म्हणजे १२७०, कार्तिक शुद्ध एकादशीचा. तिथे शिंप्याचे कुळ आहे, जन्मपत्रिका आहे, घरची ओढाताण आहे. विष्णुदास नाम्यासारख्या पुढच्या कवींची रचना या गाथेत मिसळली आहे, त्यामुळे प्रत्येक ओळ त्यांचीच असे कोणी छातीठोकपणे सांगणार नाही. शीखांच्या गुरू ग्रंथसाहिबात, जो १६०४ मध्ये सिद्ध झाला, त्यांची ६१ पदे आहेत. त्यांतल्या एका पदात जातीवरून देवळातून उठवलेला हा भक्त देवालाच विचारतो, की मला या जातीत का घातलेस? देऊळ त्यांच्याकडे फिरले ही पुढची कथा. आपल्याकडे ती औंढा नागनाथला सांगतात.

शिंपल्याची कथा मला खटकते ती इथे. शिंपी आणि शिंपला या शब्दांच्या जवळिकीतून ती उगवली असावी, असे माझे मत. सांगणाऱ्याच्या श्रद्धेत खोट नव्हती. एवढा थोर पुरुष साध्या घरात कसा जन्मेल, हेच त्याला उमगत नसावे. पण मूल भीमेने आणून दिले म्हटले, की शिंप्याच्या पोराची ती तक्रार पुसली जाते. आणि गोणाई? अभंगांतली ही आई मुलगा विठ्ठलापायी संसार विसरला म्हणून थेट देवाशी भांडते. तिची कूस का काढून घ्यायची? विधवा लेकीच्या कथेत निदान आई शिल्लक राहते, आणि तिला सोसावे लागलेले बोलही.

ज्ञानेश्वरांबरोबर तीर्थयात्रा झाली, विसोबा खेचर गुरू लाभले, १२९६ मध्ये आळंदीची समाधी डोळ्यांदेखत झाली. नंतर नामदेव उत्तरेत गेले आणि पंजाबात घुमानला दीर्घकाळ राहिले, असे परंपरा सांगते. त्याच घुमानला २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. परंपरेने त्यांचे निधन १३५० चे. पंढरपुरात विठ्ठलमंदिराच्या महाद्वारातली पायरी त्यांच्या नावाची आहे. दर्शनाला जाणारा वारकरी आधी तिच्यावर डोके टेकतो.