लेडी विलिंग्डन आणि खडकीची शाळा

मुंबई–चेन्नई गाडी सोलापूरवरून जाते. त्या गाडीने मी वर्षातून एकदा तरी एग्मोरला उतरतो. सोलापुरात माझा गणवेश शिवण्याचा छोटा कारखाना आहे. माझा डावा पाय गुडघ्याखाली नाही. शिवणकाम मी खडकीच्या क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकलो.

गेल्या खेपेला एका कार्यालयाच्या निविदेसाठी गेलो होतो. पिशवीत माजी सैनिक असल्याचा दाखला, वैद्यकीय मंडळाचा अपंगत्वाचा दाखला आणि कारखान्याची नोंदणी होती. टेबलापलीकडच्या साहेबांनी माझ्या पायाकडे पाहिले आणि धंदा खरोखर मीच चालवतो की माझे नाव पुढे करून दुसरा कोणी, असे विचारले. पाय कुठे गेला हे त्यांनी विचारले नाही. मला राग आला. पण प्रश्न चुकीचा नव्हता. जखमी जवानाचे नाव पुढे करून मागे दुसऱ्याच शेठने पैसा कमवावा, असे घडू शकते. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्य अपंग माजी सैनिकांच्या उद्योगांना सरकारी कंत्राटांत 3 टक्के वाटा देण्याचे उद्दिष्ट ठेवते, पण प्रमाणपत्रासाठी निदान 51 टक्के मालकी त्या सैनिकाची लागते आणि रोजचा कारभारही अपंग माजी सैनिकाच्याच हाती असावा लागतो. आपल्याकडे पेट्रोल पंप आणि गॅस एजन्सीसाठी पुनर्वसन महासंचालनालयाचे पात्रता प्रमाणपत्र लागते. अपंगत्व सेवेमुळेच आले, हे त्यासाठी दाखवावे लागते.

परतीच्या गाडीला वेळ होता. एग्मोर स्थानक 1908 साली सुरू झाले, ते सामीनाद पिल्लै या कंत्राटदाराने बांधले. या परिसरात पूर्वी एक छोटा किल्ला होता. त्यात सैनिकांच्या अनाथ मुलांची शाळा भरे. त्या कमानींखाली बसलो असताना मला लेडी विलिंग्डन आठवल्या. माझ्या हाताला काम देणारी शाळा त्यांचीच.

त्यांचे माहेरचे नाव मेरी ब्रॅसी, जन्म 1875 चा. आजोबा थॉमस ब्रॅसी हे त्या काळचे जगातले मोठे रेल्वे कंत्राटदार. वडिलांकडे सनबीम नावाचे जहाज होते. अगदी लहानपणीच मेरीची त्यातून पृथ्वीप्रदक्षिणा झाली. आई ॲना ब्रॅसी प्रवासवर्णने लिहीत. 1887 मध्ये समुद्रातच त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा मेरी बारा वर्षांची होती. सतराव्या वर्षी फ्रीमन-थॉमस या तरुणाशी लग्न झाले. पुढे तेच लॉर्ड विलिंग्डन म्हणून 1913 मध्ये मुंबईचे गव्हर्नर झाले.

महायुद्ध सुरू झाले आणि 1914 च्या सप्टेंबरातच त्यांचा थोरला मुलगा जेरार्ड फ्रान्समध्ये मारला गेला. मुंबई बंदरात मेसोपोटेमियाहून जखमींची जहाजे येऊ लागली. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये आपल्या मराठा पलटणी होत्या. 1916 च्या एप्रिलमध्ये ती कूत येथे शरण गेली. हात-पाय गमावलेले, डोळे गेलेले जवान गावी परतून काय करणार होते? पेन्शन तुटपुंजी आणि नांगर धरता येत नाही. 1917 मध्ये लेडी विलिंग्डन यांनी मुंबईत अशा जवानांसाठी हुन्नर शिकवणारी शाळा काढली. पुढे ती खडकीला आली. मुलाचे दुःख आणि ही शाळा यांचा संबंध त्यांनी कुठे मांडला का, ते मला ठाऊक नाही. माझ्या मनात तो आहे.

बाईंना स्वतःच्या नावाची हौस फार. मुंबईचा विलिंग्डन क्लब, दिल्लीतला लेडी विलिंग्डन पार्क (आताचे लोदी गार्डन), मद्रासचे लेडी विलिंग्डन ट्रेनिंग कॉलेज... लोक त्यावरून टिंगल करीत. आपल्या सांगलीचे विलिंग्डन कॉलेज मात्र पतीच्या नावाचे. जांभळट रंगाचेही त्यांना वेड होते. पण सैनिकांच्या शाळेला त्यांनी नाव दिले ते राणीचे. मला हे फार विशेष वाटते.

1919 ते 1924 पती मद्रासचे गव्हर्नर होते, म्हणजे एग्मोर स्थानकही त्यांनी पाहिले असणार. नंतर कॅनडा, आणि 1931 पासून पाच वर्षे व्हाइसरॉयपद. 1932 मध्ये गांधीजींना अटक करून कायदेभंग चिरडला तो याच विलिंग्डनांनी. तो हिशेब वेगळा ठेवावा लागतो आणि मी ठेवतो. लेडी विलिंग्डन 1960 मध्ये वारल्या.

खडकीत मला शिवणाऱ्या उस्तादांनी पहिल्या दिवशी एक पायाने चालणारी मशीन पुढे ठेवली. मी बघतच राहिलो. दुसऱ्या पायाने चालते, एवढे ते म्हणाले आणि पुढच्या मुलाकडे वळले. आज माझ्याकडे सहा मशिनी आहेत. त्यातल्या दोन जणी वीरपत्नी आहेत.

त्या साहेबांनी मागितलेला बँकेचा उतारा आणि पगारपत्रक मी सोलापूरला पोचताच पाठवले. पगारपत्रकावर सहा सह्या आहेत, सातवी माझी. निकाल अजून लागलेला नाही.