याकोब (येशूचा भाऊ)

याकोब (मृत्यू: अंदाजे इ.स. ६२, जेरुसलेम) हा येशू ख्रिस्ताचा भाऊ आणि जेरुसलेममधील पहिल्या ख्रिस्ती मंडळीचा प्रमुख होता. धर्मनिष्ठ आचरणामुळे तो नीतिमान याकोब म्हणून ओळखला जातो. जब्दीचा पुत्र याकोब या प्रेषिताहून तो वेगळा होय. नव्या करारातील याकोबाचे पत्र परंपरेने त्याचे मानले जाते.

जीवन

योहानाच्या शुभवर्तमानानुसार येशूच्या हयातीत त्याच्या भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. पुनरुत्थित ख्रिस्ताने याकोबाला दर्शन दिल्याचे पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात नोंदवले आहे. पेत्र व योहान यांच्यासह याकोब हा मंडळीचा आधारस्तंभ गणला जाई. इ.स. ४९च्या सुमारास जेरुसलेममध्ये भरलेल्या परिषदेत, ख्रिस्ती झालेल्या परराष्ट्रीयांवर सुंतेचे बंधन नसावे, या बाजूने त्याने निर्णय दिला. जेरुसलेमच्या मंडळीतील गरिबांसाठी पौलाने इतर प्रांतांतून निधी गोळा केला होता.

पत्रातील शिकवण

पाच अध्यायांचे हे पत्र विखुरलेल्या बारा वंशांना उद्देशून आहे. त्याचा आरंभच संकटांच्या विषयाने होतो. परीक्षेतून धीर निर्माण होतो आणि धीरातून माणूस परिपक्व होतो. म्हणून संकटांकडे आनंदाने पाहावे, असे त्यात सांगितले आहे. त्यासाठी लागणारे ज्ञान कमी पडल्यास ते देवाकडे निःशंक मनाने मागावे. तो मागणाऱ्याला दोष न लावता देतो. खरे ज्ञान वादात नव्हे, तर सौम्य, दयाळू व शांतिप्रिय वागणुकीत दिसते. हा आनंद म्हणजे अन्यायाला दिलेली संमती नव्हे. शेतमजुरांची मजुरी अडवून ठेवणाऱ्या श्रीमंतांचा पत्रात कठोर निषेध आहे, तर सहनशीलतेचा आदर्श म्हणून ईयोबाचे उदाहरण दिले आहे. कृतीविना श्रद्धा निर्जीव ठरते, हे पत्राचे प्रमुख प्रतिपादन आहे.

पत्राच्या कर्तृत्वाविषयी मतभेद आहेत. चौथ्या शतकातील इतिहासकार युसेबियसने ते वादग्रस्त ग्रंथांत गणले. पत्रातील सफाईदार ग्रीक भाषेमुळे अनेक आधुनिक अभ्यासकही याकोबाच्या कर्तृत्वाविषयी साशंक आहेत.

मृत्यू

ज्यू इतिहासकार जोसेफस याच्या वृत्तांतानुसार रोमन अधिकारी फेस्तसच्या मृत्यूनंतर व नवा अधिकारी अल्बिनस येण्यापूर्वी महायाजक अनानस याने न्यायसभा बोलावली आणि याकोब व इतर काहींना नियमभंगाच्या आरोपावरून दगडमाराची शिक्षा दिली. नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणाऱ्या नगरवासीयांनीच या कृत्याला विरोध केला. परिणामी राजा दुसरा अग्रिप्पा याने अनानसला पदावरून दूर केले.