नेव्हिल डिसूझा : मेलबर्नचे तीन गोल

आधीच सांगून टाकते, मी मँचेस्टर युनायटेडची फॅन आहे, आणि साधीसुधी नाही! आपल्या कॉलेजात अर्धी पब्लिक क्रिकेटवाली आणि उरलेली अर्धी सबमिशनवाली. त्यामुळे रात्री साडेबाराला मोबाईलचा आवाज बंद करून मॅच बघणारी होस्टेलवर मी एकटीच असं वाटायचं. तसं नाहीये. मेकॅनिकलला चार जण सापडले. त्यातले तीन लिव्हरपूलचे निघाले, पण जाऊ दे.

युनायटेडचा इतिहास मला तोंडपाठ आहे. १८७८ साली न्यूटन हीथच्या रेल्वे कामगारांनी काढलेला क्लब, १९०२ मध्ये त्याचं नाव बदललं. मँचेस्टर हे गिरण्यांचं गाव, आपलं सोलापूरही गिरण्यांचं. आमच्या आजोबांच्या पिढीचा दिवस मिलच्या भोंग्यावर चालायचा. त्यामुळे हा क्लब मला उगाच घरचा वाटतो. ६ फेब्रुवारी १९५८ ला म्युनिकच्या विमानतळावर त्यांचं विमान कोसळलं. २३ माणसं गेली, त्यात ८ खेळाडू. डंकन एडवर्ड्स तर फक्त २१ वर्षांचा, म्हणजे आपल्या फायनल इयरच्या वयाचा. त्यातून वाचलेल्या मॅट बस्बींनी परत टीम उभी केली आणि दहा वर्षांनी, १९६८ ला, युरोपियन कप आणला. हे सगळं मला झोपेत विचारलं तरी सांगेन.

आणि मग गॅदरिंगच्या क्विझमध्ये प्रश्न आला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई खेळाडू कोण? मी बझर दाबला आणि एका जपानी खेळाडूचं नाव ठोकून दिलं. चूक. उत्तर होतं, नेव्हिल डिसूझा, मुंबईचा. म्युनिकच्या आधी फक्त चौदा महिने हे घडलेलं. आठ हजार किलोमीटरवरच्या क्लबचा गोलकीपर कोण होता ते मला माहीत, आणि आपल्या मुंबईच्या माणसाचं नावही ऐकलेलं नाही! त्या रात्री रूमवर आल्यावर मी शोधायला बसले. माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, त्यामुळे चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

नेव्हिलचा जन्म ३ ऑगस्ट १९३२ चा, गोव्यातल्या बार्देश तालुक्यातल्या आसगावचा. तारीख नीट बघा. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे होता आणि तो मुक्त झाला १९६१ च्या डिसेंबरमध्ये. म्हणजे नेव्हिल जेव्हा भारताचा शर्ट घालून गोल मारत होता, तेव्हा त्याचं जन्मगाव भारतात नव्हतंच! त्याच्या आधीच्याच वर्षी, १९५५ च्या ऑगस्टमध्ये, गोव्याच्या हद्दीवर सत्याग्रहींवर गोळीबार झालेला. त्याला या सगळ्याबद्दल काय वाटत होतं ते कळायला मार्ग नाही, पण मी हे वाचलं तेव्हा दोन मिनिटं तशीच बसून राहिले.

मुंबई हेच त्याच्या फुटबॉलचं गाव झालं. तेव्हाचं मुंबईचं फुटबॉल आजच्यापेक्षा फार वेगळं होतं. हार्वूड लीग चालायची, आणि सगळ्यात मोठी स्पर्धा म्हणजे रोव्हर्स कप. ती १८९१ मध्ये इंग्रजांनी सुरू केली आणि सुरुवातीला तिच्यात गोऱ्या पलटणींचंच राज्य होतं. पुढे आपले लोक जिंकायला लागले. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं हैदराबाद पोलीसने हा कप नेला. त्या टीमचे कोच सय्यद अब्दुल रहीम, पेशाने शाळामास्तर. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पगार घेऊन फक्त फुटबॉल खेळायचं अशी सोय तेव्हा नव्हती. कंपन्या खेळाडूंना नोकरी द्यायच्या आणि तो कंपनीच्या टीममधून खेळायचा. नेव्हिल टाटा स्पोर्ट्स क्लब आणि कॅलटेक्स या टीम्सकडून खेळला. जागा सेंटर फॉरवर्डची, म्हणजे गोल करायची जबाबदारी याचीच. बॉम्बेचे तेव्हा चांगले दिवस होते. १९५४ मध्ये बॉम्बेने पहिल्यांदा संतोष ट्रॉफी जिंकली, १९५८ चा रोव्हर्स कप कॅलटेक्सने घेतला. डिसूझांच्या घरात फुटबॉल एकट्या नेव्हिलपुरतं नव्हतं. त्याचा भाऊ डेरेकही भारताकडून खेळला.

आता मेलबर्न. पण त्याआधी चार वर्षं मागे जायला हवं, नाहीतर मजा कळणार नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला आपली टीम युगोस्लाव्हियाकडून १०-१ अशी हरली. होय, दहा! आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत होते आणि तिकडे थंडी मरणाची. १९४८ ला लंडनमध्ये अनवाणी खेळून फ्रान्सशी फक्त २-१ ने हरलो होतो, दोन पेनल्टी घालवून. त्याचं कौतुक झालं होतं. हेलसिंकीनंतर कौतुक संपलं आणि फेडरेशनने बूट सक्तीचे केले. नेव्हिलची पिढी ही बूट घातलेली पिढी.

१९५६ ला कोच होते रहीमसाहेब, कॅप्टन समर बॅनर्जी, ज्यांना सगळे बद्रू म्हणायचे. बाजूला वीस वर्षांचा पी. के. बॅनर्जी आणि तेवढाच तुळशीदास बलराम. चार बॅक, दोन मधे, चार फॉरवर्ड ही मांडणी ब्राझीलने १९५८ चा वर्ल्ड कप जिंकल्यावर जगभर गाजली. ती आपल्याकडे त्याआधीच आणल्याचं श्रेय बरेच जण रहीमसाहेबांना देतात.

पहिल्या फेरीत समोर हंगेरी होती, पण हंगेरीत सोव्हिएत रणगाडे घुसले आणि त्यांनी फुटबॉलमधून माघार घेतली. आपल्याला बाय मिळाला. मग १ डिसेंबर १९५६ ला क्वार्टर फायनल, समोर खुद्द ऑस्ट्रेलिया, त्यांच्याच घरी. ९ व्या मिनिटाला नेव्हिलचा गोल. १७ व्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरोने बरोबरी केली. ३३ व्या मिनिटाला परत नेव्हिल, ४१ व्या मिनिटाला परत मॉरो. हाफ टाईमला २-२. नुसतं दोघांचं भांडण चालल्यासारखं! हाफ टाईमनंतर पाच मिनिटांत नेव्हिलने तिसरा मारला आणि मॉरोकडे त्याचं उत्तर नव्हतं. ८० व्या मिनिटाला किट्टूने चौथा मारून विषय संपवला. भारत ४, ऑस्ट्रेलिया २. ऑलिंपिक फुटबॉलच्या सेमी फायनलमध्ये जाणारा आशियातला पहिला देश भारत. आणि नेव्हिल २४ वर्षांचा होता.

४ डिसेंबरला सेमी फायनल, ग्राउंड एमसीजी. हो, तेच, आपण बॉक्सिंग डे टेस्टला बघतो ते. समोर कोण? तीच युगोस्लाव्हिया. हाफ टाईमपर्यंत ०-०. ज्यांनी चार वर्षांपूर्वी दहा मारले होते त्यांना पहिल्या हाफमध्ये एकही मारता आला नाही. आणि ५२ व्या मिनिटाला नेव्हिलने गोल केला. भारत १, युगोस्लाव्हिया ०.

इथे मी वाचायचं थांबून पाणी पिऊन आले. निकाल आधीच माहीत होता, तरीसुद्धा.

ही आघाडी दोनच मिनिटं टिकली. ५४ व्या मिनिटाला बरोबरी, ५७ व्या मिनिटाला दुसरा, ६५ व्या मिनिटाला तिसरा, आणि ७८ व्या मिनिटाला आपल्याच सलामच्या पायाला लागून चौथा. ४-१. युगोस्लाव्हिया पुढे फायनलला सोव्हिएत रशियाकडून एका गोलने हरली. रशियाच्या गोलमध्ये लेव्ह याशिन होता, ते नाव आमच्या लिव्हरपूलवाल्यांनाही माहीत आहे. ब्राँझच्या मॅचमध्ये बल्गेरियाने आपल्याला ३-० ने हरवलं. चौथा नंबर. नेव्हिलचे एकूण चार गोल झाले. बल्गेरियाचा मिलानोव्ह आणि युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच यांच्यासोबत तो स्पर्धेचा टॉप स्कोअरर ठरला.

प्रामाणिकपणे सांगायचं तर तेव्हा स्पर्धेत फक्त ११ टीम होत्या, आणि एक मॅच जिंकून आपण सेमीला पोचलो, असं कुणी म्हणालं तर ते खोटं नाही. पण त्याच बल्गेरियाने ग्रेट ब्रिटनचे ६-१ असे धिंडवडे काढले होते. ती हौशी खेळाडूंची टीम होती हे मान्य, पण आपलेही कुठे प्रोफेशनल होते? मला तर हे वाचून युनायटेडची फॅन असूनही गुदगुल्या झाल्या!

यानंतरची नेव्हिलची गोष्ट मात्र फार पटकन संपते. १९६० च्या रोम ऑलिंपिकला तो टीममध्ये नव्हता. १९६२ ला जकार्तात भारताने दक्षिण कोरियाला २-१ हरवून एशियन गेम्सचं गोल्ड मिळवलं, त्यातही नव्हता. अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाला आणि फुटबॉलमधला पहिला पी. के. बॅनर्जींना मिळाला, पुढे बलरामलाही मिळाला. नेव्हिलचं नाव त्या यादीत कधीच आलं नाही. हे मला खरंच पटत नाही. ऑलिंपिकमध्ये एका मॅचमध्ये तीन गोल मारणारा आपला दुसरा कोणी नाही, आणि भारत १९६० नंतर ऑलिंपिक फुटबॉलला पात्रही ठरलेला नाही.

रहीमसाहेबांवर २०२४ मध्ये मैदान नावाचा हिंदी पिक्चर आला. आम्ही सहा जणींनी तो एकत्र बघितला. त्यातली मोठी मॅच १९६२ चीच आहे, साहजिक आहे, ती जिंकलो होतो. सगळ्या जणी शेवटी शिट्ट्या मारत होत्या आणि मी आपली शेजारणीला ५२ ते ५४ ही दोन मिनिटं समजावून सांगत होते. ती म्हणे गप बस.

रोव्हर्स कप २००० च्या सुमारास बंद पडला. टाटा आणि कॅलटेक्सचा तो जमाना त्याच्याही आधी गेला होता. नेव्हिल डिसूझा १६ मार्च १९८० ला वारला, वयाच्या ४७ व्या वर्षी. आसगाव तोपर्यंत १८ वर्षं भारतात होतं.