विश्लेषण : गुडघ्याचा ‘तोल’ साधणारे डॉ. जॉन इन्सॉल कोण होते?

नांदेड-लातूरकडे घरातल्या ज्येष्ठांचे गुडघे बदलायचे ठरले, की सांधा कोणत्या कंपनीचा, यावर बरीच चर्चा होते. मात्र शस्त्रक्रियेचे यश सांध्याभोवतालच्या अस्थिबंधांच्या ताणावरही तितकेच अवलंबून असते. ही बाब शस्त्रक्रियेच्या केंद्रस्थानी आणणाऱ्यांत डॉ. जॉन इन्सॉल यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते.

इन्सॉल कोण होते?

इन्सॉल यांचा जन्म १९३० मध्ये इंग्लंडमधील बोर्नमथ येथे झाला. केंब्रिज आणि लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेतल्यावर ते कॅनडातील मॉन्ट्रियलला आणि पुढे न्यूयॉर्कच्या ‘हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरी’मध्ये गेले. त्यांची कारकीर्द तिथेच बहरली. त्या काळात खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया स्थिरावली होती, गुडघ्याची मात्र वारंवार फसत होती.

त्याआधी अडचण काय होती?

सुरुवातीचे अनेक कृत्रिम गुडघे दाराच्या बिजागरीसारखे होते. बिजागरी एकाच दिशेने फिरते. खरा गुडघा वाकताना थोडा सरकतो आणि थोडा वळतोही. त्यामुळे सगळा ताण हाडातल्या पकडीवर येई आणि सांधा ढिला पडे. जंतुसंसर्गाचेही प्रमाण मोठे होते.

१९७४ मध्ये काय बदलले?

इन्सॉल, भारतीय वंशाचे सर्जन डॉ. चित्तरंजन रानावत आणि अभियंते पीटर वॉकर यांनी ‘टोटल कॉन्डिलर’ हा सांधा विकसित केला. १९७४ मध्ये तो पहिल्यांदा बसवला गेला. मांडीच्या हाडावर धातू, नडगीच्या हाडावर प्लास्टिक आणि वाटीच्या मागे प्लास्टिकचा तुकडा, अशी त्याची रचना होती. त्यात बिजागरी नव्हती. त्यामुळे गुडघा स्थिर ठेवण्याचे काम रुग्णाच्या स्वतःच्या अस्थिबंधांवर आले.

हा सांधा टिकाऊ ठरला, पण पुरेसा वाकत नसे. १९७८ मध्ये इन्सॉल आणि अभियंते अल्बर्ट बर्स्टीन यांनी त्यात मधोमध एक खुंटी आणि तिला अडणारा दांडा बसवला. त्यामुळे गुडघा अधिक वाकू लागला आणि नडगीचे हाड मागे सरकणेही थांबले.

यातले रानावत इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या दोन्ही गुडघ्यांवर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात त्यांनीच शस्त्रक्रिया केली. डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये, तर उजवा जून २००१ मध्ये बदलला गेला. या शस्त्रक्रियेचे नाव तेव्हा देशात घरोघरी पोहोचले.

‘तोल’ म्हणजे नेमके काय?

हाडांची झिजलेली टोके कापल्यावर मध्ये एक पोकळी तयार होते. पाय सरळ असताना आणि गुडघा काटकोनात वाकवल्यावर, अशा दोन्ही स्थितींत ती सारखी आणि आयताकृती असावी, हा इन्सॉल यांचा आग्रह होता. चौकट तिरकी असेल तर नवे दारही घासते, तसेच हे आहे.

आपल्याकडे अनेक रुग्णांचे पाय धनुष्यासारखे बाकलेले असतात. अशा गुडघ्यात आतल्या बाजूचे बंध आखडतात आणि बाहेरचे सैल पडतात. आतले बंध टप्प्याटप्प्याने सैल करून दोन्ही बाजूंचा ताण सारखा करणे, ही पद्धत इन्सॉल यांनी रूढ केली. ताण जास्त राहिला तर गुडघा नीट वाकत नाही किंवा पूर्ण सरळ होत नाही. कमी राहिला तर पाय लटपटतो. एका बाजूला जास्त भार आला तर प्लास्टिक तिथे लवकर झिजते.

रुग्ण बरा झाला, हे कसे ठरते?

केवळ एक्स-रे चांगला दिसणे पुरेसे नाही. इन्सॉल आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये ‘नी सोसायटी’ची गुणपद्धती मांडली. त्यात गुडघ्याला १०० गुण : वेदनेचे ५०, हालचालीचे २५ आणि स्थिरतेचे २५. चालणे आणि जिने चढण्या-उतरण्याला वेगळे १०० गुण. डिसेंबर २००० मध्ये इन्सॉल यांचे निधन झाले. पुढे ही पद्धत सुधारली गेली आणि रुग्णाच्या समाधानालाही त्यात स्थान मिळाले. परदेशांतील पाहण्यांनुसार साधारण पाचातला एक रुग्ण शस्त्रक्रियेनंतर पूर्ण समाधानी नसतो.

पाय सर्वांचे एकाच सरळ रेषेत आणावेत की मूळ ठेवण थोडी जपावी, यावर आज सर्जनांमध्ये मतभेद आहेत. रोबोटच्या मदतीने ताण मोजला जातो. पण दोन्ही स्थितींत तोल साधण्याचा विचार कायम आहे.

मराठवाड्यातील रुग्णांसाठी याचा अर्थ काय?

खुरपणी, सोयाबीनची काढणी, गुरुद्वाऱ्यातल्या लंगरची पंगत, माहूरगडाच्या पायऱ्या... इथल्या जगण्यात गुडघा खूप वाकतो. नव्या गुडघ्याने चालणे आणि जिना सुकर होतो. उकिडवे बसणे मात्र अनेक सर्जन टाळायला सांगतात. म्हणून शस्त्रक्रियेआधीच हे विचारावे :

- माझा गुडघा किती वाकेल? शेतातली कोणती कामे करता येतील?
- पायाचा बाक किती आहे? तो कसा दुरुस्त करणार?
- व्यायाम कधी सुरू करायचा? गावी परतल्यावर तो कोण करून घेणार?
- सांध्याची किंमत बिलात वेगळी दाखवणार का? केंद्राने ऑगस्ट २०१७ पासून या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली आहे.