रेमंड गोर्ट्झ
रेमंड गोर्ट्झ (१९१५–१९७०) हे दुरून चालवायच्या यांत्रिक हातांचे प्रवर्तक मानले जाणारे अमेरिकन अभियंते होते. शिकागोजवळील आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत किरणोत्सारी पदार्थ जाड भिंतीआडून हाताळावे लागत. त्यासाठी १९४० च्या दशकाअखेरीस त्यांनी यांत्रिक हातांची जोडी घडवली. चालकाने मूठ हलवताच भिंतीपलीकडील चिमटा तशीच हालचाल करी. खरी अडचण वजनाची होती. भुजा जड असली, की जडत्व व घर्षण यांतच चालकाचे बळ खर्ची पडे. काचेची कुपी किती दाबली जात आहे, हे हाताला कळत नसे. म्हणून या यंत्रांत हालचाल तारा व धातूच्या पट्ट्यांमार्फत पोहोचवली जाई आणि भुजा प्रतिभाराने तोललेली असे. १९५४ मध्ये त्यांनी विद्युत मोटारींवर चालणारी जोडी सिद्ध केली. तारांचा दुवा गेला, तरी चिमट्यावरील दाबाची जाणीव चालकाच्या हातापर्यंत परत येत राहिली. ही त्यांची सर्वांत मोलाची कामगिरी होय.