हिशेबाची वही नसलेला माणूस



आमच्या भागात रविवारच्या मिस्साला आता जागा पुरत नाही. मी शाळेत शिकवत होतो तेव्हा मागची बाकं रिकामी असायची. आता पिरनवाडी, मच्छे, उद्यमबाग या बाजूला कामधंद्यासाठी आलेली कुटुंबं स्थिरावलीत, त्यांची पोरं मोठी झालीत. बायका मुलं कडेवर घेऊन व्हरांड्यात उभ्या असतात, पावसाळ्यात छत्र्या धरून. मागच्या बैठकीत जागा वाढवायचा विषय निघाला आणि पहिला नकार मी दिला. शिल्लक किती, खर्च किती, वर्गणी देणार कोण, सगळं कागदावर मांडून दिला. मास्तरकीची सवय, दुसरं काय! पण 16 जानेवारीच्या सणाला मुलांना संत जोसेफ वाझ यांचं चरित्र सांगायचं मी कबूल केलं होतं. टिपणं काढायला बसलो आणि माझी मलाच लाज वाटू लागली.

वाझबाब तसे आपले शेजारीच. आपल्या दारावरून जाणारा रस्ता चोर्ल्याने उतरा की अनमोडाने, पोचतो त्यांच्याच मुलखात. जन्म 21 एप्रिल 1651, सासष्टीतल्या बाणावलीला, आईच्या माहेरी. वडिलांचं गाव सांकवाळ. 1676 साली ते धर्मगुरू झाले. घरचं बरं असूनही अनवाणी फिरायचे. त्या काळी गोव्यात पोर्तुगीज पाद्र्यांचा मान मोठा, आणि देशी धर्मगुरूला दुय्यम वागणूक मिळायची. वाझबाबांनी त्याची तक्रार करत बसल्याचं कुठे दिसत नाही. सांकवाळला त्यांनी शाळा काढली. म्हणजे आमच्याच धंद्यातले, हे मी मुलांना मुद्दाम सांगतो.

1681 ते 1684 ही वर्षं त्यांनी कानडा मुलखात काढली. मंगळूर, बसरूर, गंगोळी या भागात मोडकळीला आलेल्या मंडळ्या परत उभ्या केल्या, शाळा काढल्या. गोव्याला परतल्यावर जुन्या गोव्यातल्या टेकडीवर काही देशी धर्मगुरू एकत्र राहत होते, त्यांच्यात सामील झाले आणि 1685 साली त्यांची ओरेटरी ही संस्था उभी राहिली. सगळी माणसं इथलीच. मला वाटतं, त्यांच्या पुढच्या साऱ्या कामाचा पाया तिथे आहे.

मन मात्र सिलोनकडे लागलेलं. तिथे पोर्तुगीजांना हाकलून डच आले होते आणि त्यांनी कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली होती. तीसएक वर्षं लोकांना मिस्सा नाही, पापनिवेदन नाही. म्हातारी माणसं जपमाळ लपवून ठेवायची. 1687 साली वाझबाब तुतिकोरीनहून होडीने निघाले, अंगावर मजुराचे कपडे. सोबत जॉन नावाचा निष्ठावंत सेवक. खिशात पैसा नाही, तिथे ओळखीचं कुणी नाही. जाफन्याला पोचेपर्यंत हगवणीने अंग खंगलं होतं. कुणा गरीब बायांनी पेज पाजली म्हणून जगले.

पुढची गोष्ट मला फार आवडते. कॅथलिक कोण, हे विचारायची सोय नव्हती. चुकीच्या दारात विचारलं तर डचांच्या हाती. म्हणून वाझबाबांनी जपमाळ गळ्यात घातली आणि दारोदार भीक मागत फिरू लागले. माळ बघून कुणाचा चेहरा बदलतो, तेवढं बघायचे. असं घर सापडलं की मग रात्री हळूच ओळख द्यायची. अशा एकेका घरातून मंडळी जमली. मिस्सा रात्री, दार लावून, पहाटेच्या आत पांगायचं. जाफन्याजवळ सिल्लालै गावात त्यांना आसरा मिळाला. 1689 च्या नाताळात डच शिपायांनी धाड घातली, पुष्कळ लोक पकडले गेले. वाझबाब निसटले. पकडलेल्यांनी मार खाल्ला, दंड भरला, काही तुरुंगात मेले. माझ्या मते या नाव नसलेल्या माणसांचाही सण करायला हवा.

1692 साली ते कँडीला पोचले. ते राज्य बौद्ध राजाचं, डचांचं नव्हे. पण पोर्तुगीजांचा हेर म्हणून कुणी चुगली केली आणि त्यांना कैदेत टाकलं. कैदेतही गप्प बसले नाहीत. सिंहली भाषा शिकले, आवारातच झोपडी उभारून वेदी मांडली आणि लोक तिथे येऊ लागले. पुढे दुष्काळ पडला. त्यांनी चौकात क्रूस उभा करून प्रार्थना केली आणि पाऊस कोसळला, असं परंपरा सांगते. एवढं खरं की त्यानंतर राजा विमलधर्मसूर्याने त्यांना मोकळं फिरू दिलं. बौद्ध राजाच्या छायेत आपलं चर्च वाढलं, हे आपल्या शेजाऱ्यांनीही वाचावं म्हणून लिहितो.

1697 साली कँडीत देवीची साथ आली. घरचे लोकसुद्धा रोग्यांना रानात टाकून पळत होते. वाझबाब आणि त्यांचा भाचा, फादर जोसेफ कार्व्हालो, रोज त्या झोपड्यांतून फिरले. खाऊपिऊ घातलं, जखमा धुतल्या, मेलेल्यांना माती दिली. कोण कुठल्या धर्माचा, ते पाहिलं नाही.

तोवर गोव्याहून आणखी धर्मगुरू येऊ लागले होते, सगळे आपल्याकडचे. 1705 साली आलेल्या जाकोम गोन्साल्विस यांनी तर सिंहली आणि तामिळ भाषांत ग्रंथ लिहिले. पण धर्मगुरू मोजके, बेट मोठं. वाझबाब एका गावाला वर्षातून एकदा-दोनदाच पोचायचे. म्हणून गावोगावी मुप्पू आणि अण्णावी ही प्रापंचिक माणसं नेमली. प्रार्थना चालवायची, मुलांना शिकवायचं, आजाऱ्याला बघायचं, सगळं तेच करत. झावळ्यांची छपरं घातलेली प्रार्थनाघरं लोकांनीच बांधली. चरित्रकार सांगतात की शेवटी कॅथलिकांची संख्या 70,000 च्या आसपास गेली होती. त्यांना अधिकाराचं मोठं पद द्यायचं चाललं होतं, ते त्यांनी नाकारलं. 16 जानेवारी 1711 रोजी कँडीत ते वारले, वय 59. कबर कुठे आहे, ते आज कुणाला सांगता येत नाही. 14 जानेवारी 2015 रोजी कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केलं, तेव्हा आमच्याकडेही टीव्हीसमोर गर्दी होती.

टिपणं संपवली तेव्हा रात्रीचे बारा वाजून गेले होते. माझा नकाराचा कागद टेबलावरच होता. आकडे चुकलेले नाहीत, अजूनही बरोबर आहेत. पक्कं बांधकाम आज आपल्याला झेपणार नाही. पण वॉर्डातल्या एखाद्या घराच्या अंगणात शनिवारी संध्याकाळी मराठीतून प्रार्थना घ्यायला, पोरांना शिकवायला कुठे पैसे लागतात? व्हरांड्यापुढे पत्र्याची शेड टाकायलाही फार नाहीत. पुढच्या बैठकीत हे मांडणार आहे आणि पहिलं अंगण माझंच लिहून घ्या म्हणून सांगणार आहे. घरी दोन सतरंज्या आहेत, आणखी कुणाकडे असतील तर आणाव्यात.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, पिरनवाडी