इव्हान पाव्लॉव्ह

इव्हान पेत्रोविच पाव्लॉव्ह (२६ सप्टेंबर १८४९, रियाझान – २७ फेब्रुवारी १९३६, लेनिनग्राड) हे रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. पचनक्रियेवरील संशोधनासाठी त्यांना १९०४ साली शरीरक्रियाशास्त्र किंवा वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे पारितोषिक मिळवणारे ते पहिले रशियन होत. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मात्र ते अभिजात अभिसंधानाचे जनक म्हणून अधिक परिचित आहेत. त्यांच्या प्रयोगशाळेत शेकडो कुत्री वर्षानुवर्षे श्वानगृहात राहिली. परक्या जागी, बंदिस्त अवस्थेत आणि ओळखीच्या माणसाच्या गैरहजेरीत कुत्र्याचे वर्तन का व कसे बिघडते, याचा पद्धतशीर अभ्यास तेथे झाला. पाळीव कुत्र्यांना काही दिवस ठेवून घेणाऱ्या आजच्या श्वाननिवासांत वर्तनसमस्या हाताळण्याच्या ज्या रीती रूढ आहेत, त्यांतील अनेकांचे मूळ या अभ्यासाशी जुळते.

बालपण आणि शिक्षण

पाव्लॉव्ह यांचा जन्म मध्य रशियातील रियाझान या गावी झाला. वडील प्योत्र दिमित्रियेविच हे ऑर्थोडॉक्स चर्चचे धर्मगुरू होते. लहानपणी उंचावरून पडून झालेल्या दुखापतीमुळे त्यांचे शालेय शिक्षण उशिरा, वयाच्या ११व्या वर्षी सुरू झाले. घराण्याच्या परंपरेनुसार त्यांनी रियाझानच्या धर्मशिक्षण विद्यालयात प्रवेश घेतला. परंतु समीक्षक पिसारेव्ह यांचे लेखन आणि शरीरक्रियाशास्त्रज्ञ सेचेनोव्ह यांचा मेंदूच्या प्रतिक्षेपी क्रियांवरील ग्रंथ वाचून त्यांचे मन विज्ञानाकडे वळले. १८७० साली ते सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात दाखल झाले. १८७५ मध्ये तेथील अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतले व १८७९ साली ते पूर्ण केले. १८८१ मध्ये सेराफिमा कार्चेव्हस्काया यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हृदयाच्या मज्जातंतूंवरील प्रबंधासाठी १८८३ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. पुढील दोन वर्षे त्यांनी जर्मनीत कार्ल लुडविग आणि रुडॉल्फ हायडेनहाइन यांच्या प्रयोगशाळांत काम केले.

पचनसंस्थेवरील संशोधन

१८९० साली पाव्लॉव्ह लष्करी वैद्यकीय अकादमीत औषधशास्त्राचे प्राध्यापक झाले. १८९१ मध्ये त्यांच्याकडे सेंट पीटर्सबर्ग येथील प्रायोगिक वैद्यक संस्थेच्या शरीरक्रियाशास्त्र विभागाची जबाबदारी आली, ती अखेरपर्यंत त्यांच्याकडेच राहिली. त्या काळी प्रयोग बहुधा प्राण्याला भूल देऊन व लगेच त्याचा अंत करून होत. अशा प्रयोगातून निरोगी शरीराचे खरे कार्य कळत नाही, असे पाव्लॉव्ह यांचे मत होते. म्हणून ते भूल देऊन कुत्र्यावर शस्त्रक्रिया करीत, पाचकरस बाहेर घेता येईल अशी नळी बसवीत आणि जखम भरल्यावर त्याच कुत्र्याचे दीर्घकाळ निरीक्षण करीत. पाचक ग्रंथींच्या कार्यावरील त्यांचा ग्रंथ १८९७ साली प्रसिद्ध झाला.

या पद्धतीमुळे कुत्री प्रयोगशाळेची कायमची रहिवासी बनली. त्यांना ठरावीक माणसे, ठरावीक खोल्या आणि ठरावीक वेळा यांची सवय झाली. तोंडात अन्न पडण्यापूर्वीच, केवळ अन्न देणाऱ्या सेवकाच्या पावलांचा आवाज ऐकूनही, त्यांना लाळ सुटू लागली. पचनाच्या मोजमापात अडथळा ठरणारी हीच बाब पुढे पाव्लॉव्ह यांच्या संशोधनाचा मुख्य विषय झाली.

अभिसंधित प्रतिक्षेपी क्रिया

१९०३ साली माद्रिद येथील आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेत पाव्लॉव्ह यांनी या नव्या विषयावर व्याख्यान दिले. अन्नामुळे लाळ सुटणे ही उपजत क्रिया आहे. अन्नापूर्वी एखादा तटस्थ उद्दीपक वारंवार योजल्यास त्या उद्दीपकानेही लाळ सुटते. ही शिकलेली, म्हणजेच अभिसंधित क्रिया होय. पाव्लॉव्ह म्हटले की घंटा आठवते. प्रत्यक्षात त्यांच्या प्रयोगशाळेत मेट्रोनोम, गुंजक, दिवे, त्वचेला होणारा स्पर्श असे अनेक उद्दीपक वापरले जात. उद्दीपकामागून अन्न येईनासे झाले की शिकलेली क्रिया हळूहळू विलोपन पावते. परंतु काही काळाने ती आपोआप पुन्हा प्रकट होऊ शकते, हेही तेथेच दिसून आले.

कोणताही अनोळखी आवाज किंवा नवा माणूस कुत्र्याची शिकलेली क्रिया तात्पुरती थोपवतो, असे निरीक्षण होते. नव्या गोष्टीकडे कान टवकारून पाहण्याच्या या उपजत प्रवृत्तीला त्यांनी शोधक प्रतिक्षेपी क्रिया मानले. हा व्यत्यय टाळण्यासाठी १९१० नंतर संस्थेच्या आवारात जाड भिंतींची एक खास इमारत उभारण्यात आली. तिच्यात कुत्रा आणि प्रयोगकर्ता वेगवेगळ्या खोल्यांत असत. ही इमारत शांततेचा मनोरा या नावाने ओळखली जाते.

वर्तनातील बिघाडाचा अभ्यास

सर्वच कुत्री प्रयोगाच्या चौकटीत शांत उभी राहत नसत. एक कुत्रा माणसांशी अत्यंत मनमिळाऊ होता. मात्र पट्ट्यांनी बांधून उभे केले की तो धापा टाकी आणि त्याच्या तोंडातून अखंड लाळ गळे. त्याला शिक्षा करण्यात आली नाही. दिवसाचे सर्व अन्न केवळ त्या चौकटीतच देण्यास सुरुवात झाली. आरंभी तो फारच थोडे खाई व त्याचे वजन घटले. पण काही महिन्यांत त्याची तगमग ओसरली. बंधनाला होणारा हा विरोध उपजत असतो, असा निष्कर्ष पाव्लॉव्ह यांनी काढला व त्याला स्वातंत्र्याची प्रतिक्षेपी क्रिया असे नाव दिले.

दुसऱ्या एका प्रयोगात वर्तुळ दिसल्यावर अन्न मिळे, लंबवर्तुळ दिसल्यावर मिळत नसे. लंबवर्तुळ हळूहळू वर्तुळासारखे करत नेले. अक्षांचे प्रमाण ९:८ पर्यंत आल्यावर कुत्र्याला भेद करता येईना. पूर्वी शांत असलेला हा प्राणी किंचाळू व धडपडू लागला, उपकरणे दातांनी ओढू लागला, आणि आधी सहज जमणारा भेदही विसरला. या अवस्थेला पाव्लॉव्ह यांनी प्रायोगिक मज्जाविकृती म्हटले. न सुटणारा पेच आणि त्यातून बाहेर पडण्यास वाव नसणे, एवढ्यानेही वर्तन कोलमडू शकते, हे यातून स्पष्ट झाले.

१९२४ चा महापूर

२३ सप्टेंबर १९२४ रोजी नेव्हा नदीला आलेल्या पुराचे पाणी संस्थेच्या श्वानगृहात शिरले. वादळात झाडे कोसळत असताना कुत्र्यांना लहान लहान गटांनी पोहवत प्रयोगशाळेच्या इमारतीत आणावे लागले व तेथे सर्वांना एकत्र ठेवावे लागले. एरवी एकत्र येताच भांडणारी ही कुत्री त्या वेळी एकमेकांवर गुरगुरलीही नाहीत. ही शांतता समाधानाची नसून भीतीमुळे आलेल्या निरोधनाची होती, असे पाव्लॉव्ह यांनी नोंदवले.

पूर ओसरल्यावर काही कुत्री पूर्ववत झाली. काहींच्या शिकलेल्या क्रिया मात्र नाहीशा झाल्या होत्या. सहकारी स्पेरान्स्की यांनी अभ्यासलेल्या एका कुत्र्याने प्रयोगाच्या खोलीत अन्नालाही तोंड लावले नाही. परिचित प्रयोगकर्ता त्याच्याजवळ खोलीत बसू लागला, तेव्हा त्याच्या क्रिया परतू लागल्या. त्यानंतर प्रयोगकर्त्याने आपली उपस्थिती क्रमाक्रमाने कमी केली. कुत्रा बरा झाल्यावर खोलीच्या दाराखालून पाण्याचा एक लहानसा ओघळ सोडण्यात आला. तेवढ्यानेच तो अस्वस्थ झाला व त्याचे वर्तन पुन्हा बिघडले. जोरदार घंटा हा पूर्वी त्याच्यासाठी अन्नाचा सर्वांत प्रभावी संकेत होता. पुरानंतर तिच्या आवाजाने इतर शिकलेल्या क्रियाही दबत असत.

स्वभावप्रकार आणि संगोपन

एकाच संकटाचा परिणाम प्रत्येक कुत्र्यावर वेगळा झाल्याने पाव्लॉव्ह यांचे लक्ष स्वभावभेदाकडे अधिक वळले. मज्जासंस्थेचे बळ, समतोल व चपळता या निकषांवर त्यांनी कुत्र्यांचे चार प्रकार कल्पिले आणि ते हिपॉक्रेटिसच्या चार प्रकृतींशी जोडले. हे वर्गीकरण पुढील संशोधनात जसेच्या तसे टिकले नाही. प्रत्येक प्राण्याला त्याच्या स्वभावानुसार वागवले पाहिजे, हे त्यामागील तत्त्व मात्र टिकले.

त्यांच्या सहकाऱ्यांनी पिलांचे दोन गट करून एक गट मोकळा व दुसरा पिंजऱ्यात वाढवला. पिंजऱ्यात वाढलेली कुत्री मोठेपणीही नव्या जागी भित्री राहिली. लहान पिलांत स्वाभाविक असलेले भय, जगाचा अनुभव न मिळाल्याने, त्यांच्यात कायम राहिले होते. भित्रेपणा नेहमी उपजतच असतो या समजाला या प्रयोगाने छेद दिला.

उत्तरायुष्य आणि मृत्यू

क्रांतीनंतरच्या यादवी युद्धाच्या काळात प्रयोगशाळेतील अनेक कुत्री उपासमारीने मेली. जानेवारी १९२१ मध्ये लेनिन यांच्या सहीच्या आदेशाने पाव्लॉव्ह यांच्या कामासाठी खास सवलती देण्यात आल्या. तरीही सरकारी दडपशाहीवर ते उघडपणे टीका करीत आणि अटकेत पडलेल्या लोकांसाठी वरिष्ठांना पत्रे लिहीत. लेनिनग्राडजवळील कोल्तुशी येथे त्यांच्यासाठी संशोधन केंद्र उभारण्यात आले. १९३५ साली सोव्हिएत संघात भरलेल्या आंतरराष्ट्रीय शरीरक्रियाशास्त्र परिषदेचे ते अध्यक्ष होते. २७ फेब्रुवारी १९३६ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले.

श्वाननिवासांतील उपयोग

पाव्लॉव्ह यांनी पाळीव कुत्र्यांच्या तात्पुरत्या निवासाविषयी स्वतंत्र लेखन केले नाही. त्यांच्या तत्त्वांचा उपयोग नंतरच्या काळात झाला. भीतीच्या उद्दीपकाची सौम्य मात्रा आणि सुखद अनुभव यांची सांगड घालण्याची पद्धत मानवी उपचारांत मनोविकारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५८ च्या ग्रंथात मांडली. तिचेच रूप कुत्र्यांच्या प्रशिक्षणातही रूढ झाले.

मालक निघून गेल्यावर अखंड भुंकणारा, दार ओरबाडणारा किंवा अन्न नाकारणारा कुत्रा हट्टी नसतो. बहुधा तो घाबरलेला असतो. म्हणून दीर्घ मुक्कामापूर्वी काही तासांच्या छोट्या भेटी घडवणे, अन्न देणारा सेवक शक्यतो एकच ठेवणे, इतर कुत्र्यांची ओळख दुरून व हळूहळू करून देणे आणि भित्र्या कुत्र्याला मोठ्या कळपात न सोडणे, या गोष्टी इष्ट मानल्या जातात. भुंकण्याबद्दल शिक्षा केल्यास सेवक, खोली आणि वेदना यांचाच संबंध कुत्र्याच्या मनात जोडला जाण्याचा धोका असतो. कोपऱ्यात निश्चल बसलेला कुत्रा रुळला आहे असे गृहीत धरता येत नाही, आणि घरी परतल्यावर शांत झालेला कुत्रा पुढच्या मुक्कामात एखाद्या क्षुल्लक खुणेनेही पुन्हा बिथरू शकतो. पुरातून वाचलेल्या कुत्र्यांच्या नोंदींत या दोन्ही गोष्टी आढळतात.

टीका आणि स्मारके

पाव्लॉव्ह यांच्या प्रयोगांत कुत्र्यांना शस्त्रक्रिया, बंधन आणि मुद्दाम निर्माण केलेला ताण सोसावा लागला. त्यांतील अनेक प्रयोग आजच्या नैतिक नियमांत बसणार नाहीत. कुत्र्याचे भय ओळखण्याचे व ते दूर करण्याचे ज्ञान काही अंशी त्या भयातूनच मिळाले आहे. या ऋणाची जाणीव ठेवून पाव्लॉव्ह यांच्या हयातीतच, १९३५ साली, प्रायोगिक वैद्यक संस्थेच्या बागेत कुत्र्याचे स्मारक उभारण्यात आले. रियाझान येथील त्यांच्या जन्मघरात संग्रहालय आहे.